धाकटी बॅटरी रुसते तेव्हा

रस्त्यात मोटार बंद पडली, की आपल्याकडे पहिली आरोळी उठते ती ‘मारा धक्का!’ ही. नंदुरबारच्या बाजारपेठेत असो की तळोद्याहून धडगावकडे जाताना चांदशैलीच्या घाटात असो, चार माणसे खांदा लावतात, चालक क्लच सोडतो, इंजिन दोनदा खोकते आणि गाडी सुरू होते. पण विद्यार्थिमित्रांनो, आता आपल्या रस्त्यांवर अशाही काही मोटारी धावू लागल्या आहेत, की त्यांना चारच काय, चाळीस माणसांनी धक्का मारला तरी त्या सुरू होणार नाहीत. या आहेत संकरित, म्हणजेच हायब्रीड मोटारी. गंमत अशी, की अशा गाडीच्या पोटात शेकडो व्होल्टांची भलीमोठी बॅटरी भरलेली असते, टाकीत पेट्रोल असते, इंजिनही ठणठणीत असते. तरी गाडी जागची हलत नाही. असे का व्हावे? आणि दोष नेमका कोठे आहे, हे ओळखायचे कसे? चला, पाहू या.

एका गाडीत दोन बॅटऱ्या

संकरित मोटारीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी जोडी असते. ही कल्पना तशी जुनी आहे. फर्डिनांड पोर्श या अभियंत्याने १९०० सालच्या सुमारासच अशी गाडी बनवली होती. मात्र मोठ्या संख्येने तयार होणारी पहिली संकरित मोटार, टोयोटा कंपनीची ‘प्रियस’, जपानमध्ये विक्रीस आली ती १९९७ च्या डिसेंबरात. भारतात २०२२ सालापासून अशा मोटारींचे अनेक नमुने बाजारात आले.

या गाडीचे विजेचे घर दोन मजली असते. वरच्या मजल्यावर मोठी बॅटरी. चाके फिरवणाऱ्या विजेच्या मोटरीला तीच वीज पुरवते. प्रियसच्या २००३ सालच्या नमुन्यात ही बॅटरी १६८ लहान घटांची होती. प्रत्येक घटाचा विद्युत्दाब १.२ व्होल्ट. सारे घट एकापुढे एक, म्हणजे एकसरी जोडणीत. आता गुणाकार करा: १६८ × १.२ = २०१.६ व्होल्ट. आपल्या घरातील विजेइतकाच हा दाब घातक असतो.

खालच्या मजल्यावर राहते धाकटी बॅटरी. दाब अवघा १२ व्होल्ट. बहुतेक गाड्यांत ती तुमच्या ओळखीचीच शिसे-आम्ल बॅटरी असते, ट्रॅक्टरला असते तशी. दिवे, भोंगा, दारांची कुलपे, काच पुसणारे वायपर आणि मुख्य म्हणजे गाडीतील सारे संगणक तिच्यावर चालतात.

तिजोरीची किल्ली कोणाकडे?

आता तुम्ही म्हणाल, २०० व्होल्टांची थोरली बॅटरी असताना १२ व्होल्टांच्या धाकटीचे एवढे काय कौतुक?

याचे उत्तर सुरक्षिततेत आहे. गाडी बंद असताना दोनशे व्होल्टांची वीज तारांमधून खेळत राहिली, तर अपघातात किंवा दुरुस्ती करताना माणसाच्या जिवावर बेतेल. म्हणून थोरल्या बॅटरीच्या दोन्ही टोकांशी दणकट विद्युत्चुंबकी स्विच बसवलेले असतात. गाडी बंद केली, की ते उघडतात आणि थोरली बॅटरी बाकीच्या गाडीपासून पूर्ण तुटते. पुन्हा गाडी सुरू करायची, तर हे स्विच मिटले पाहिजेत. त्यांच्या विद्युत्चुंबकाला वीज कोण देते? धाकटी बॅटरी! मिटण्याचा हुकूम देणारा संगणक कोणाच्या विजेवर चालतो? तोही धाकटीच्याच!

म्हणजे तिजोरी थोरलीची, पण किल्ली धाकटीच्या कनवटीला. किल्लीवालीच झोपली, तर तिजोरीतले धन असून नसल्यासारखे. धक्का मारून काही साधत नाही, ते याचमुळे. संगणक जागा नाही, तोवर इंजिनात पेट्रोल फवारले जात नाही आणि ठिणगीही पडत नाही. शिवाय पायाने दाबण्याचा क्लच अशा गाड्यांत नसतोच, मग चाकांनी इंजिन फिरवायचे कसे?

आणखी एक फरक लक्षात घ्या. साध्या मोटारीत इंजिनाला पहिली गिरकी देण्याचे काम १२ व्होल्टांच्या बॅटरीकडेच असते. ही सोय १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीपासून रूढ झाली. त्यापूर्वी हाताने दांडा फिरवावा लागे. या गिरकीसाठी क्षणभर शंभराहून अधिक ॲम्पियर प्रवाह लागतो. म्हणून साध्या मोटारीची बॅटरी अशक्त झाली, की ती कण्हते. सेल्फ मारल्यावर ‘घर्र... घर्र...’ असा मंद आवाज येतो आणि मालक सावध होतो. बहुतेक संकरित मोटारींत मात्र इंजिनाला गिरकी देण्याचे कामही थोरली बॅटरीच करते. धाकटीवर मोठा भार कधी पडतच नाही. त्यामुळे ती अशक्त झाली, तरी कण्हत नाही. आज गाडी नीट चालते आणि उद्या सकाळी दारही उघडत नाही!

बॅटरीच्या पोटात

धाकटीचे दुखणे समजण्यासाठी तिच्या पोटात डोकावू या. शिसे-आम्ल बॅटरी १८५९ साली फ्रान्समधील गास्ताँ प्लाँते यांनी शोधली. तिच्या प्रत्येक घटात ऋण पट्टी सच्छिद्र शिशाची, धन पट्टी शिशाच्या डायऑक्साइडची आणि मध्ये विरल गंधकाम्ल असते. वीज घेऊ लागलो, की पुढील क्रिया घडते:

शिसे + शिशाचे डायऑक्साइड + गंधकाम्ल → शिशाचे सल्फेट + पाणी

म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि आम्ल पातळ होत जाते. बॅटरी ‘उतरली’ असे आपण म्हणतो, ते या अवस्थेला. बाहेरून उलट दिशेने प्रवाह सोडला, की क्रिया उलटी फिरते. सल्फेट विरघळते, आम्ल पुन्हा तीव्र होते, बॅटरी ‘चढते’. एका घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट. अशा ६ घटांचे मिळून पूर्ण भरलेल्या बॅटरीला सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात.

बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर मात्र घात होतो. सल्फेटचे बारीक, मऊ स्फटिक हळूहळू मोठे आणि टणक होतात. ओले मीठ डब्यात साठवून ठेवले, की त्याचा खडा बनतो ना, तसेच काहीसे. हे टणक स्फटिक नंतर सहजी विरघळत नाहीत. तेवढी पट्टी कायमची निकामी होते आणि बॅटरीची साठवणशक्ती घटते.

उन्हाळा आणि उभी गाडी

पुस्तकांत पुष्कळदा वाचायला मिळते, की बॅटरी थंडीत दगा देते. बर्फाळ देशांत ते खरेच आहे. पण नंदुरबार जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पथाऱ्यांवर पसरलेली मिरची ज्या उन्हात वाळते, त्याच उन्हात गाडीही उभी असते. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम असा, की तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. २५ अंशांऐवजी ४५ अंशांत राहणाऱ्या बॅटरीत नको असलेल्या क्रिया, म्हणजे आपोआप उतरणे आणि पट्ट्यांच्या जाळीचे गंजणे, साधारण चौपट वेगाने चालतात. उन्हाळा बॅटरीला झिजवतो आणि ती कोलमडते कधीतरी नंतर, एखाद्या पावसाळी सकाळी. तेव्हा गाडी सावलीत उभी करणे हा बॅटरीचा सर्वांत स्वस्त औषधोपचार होय.

दुसरा शत्रू म्हणजे गाडी उभीच राहणे. गाडी कुलूपबंद असली, तरी तिचे घड्याळ, चोरघंटा आणि किल्लीची चाहूल घेणारे यंत्र जागे असतात. हा प्रवाह फार लहान, समजा ४० मिलिॲम्पियर. आता आकडेमोड करा. ४० मिलिॲम्पियर म्हणजे ०.०४ ॲम्पियर. दिवसाचे २४ तास, म्हणून रोजचा खर्च ०.०४ × २४ = ०.९६ ॲम्पियर-तास. बॅटरी ४० ॲम्पियर-तासांची असेल, तर २० दिवसांत सुमारे १९ ॲम्पियर-तास संपले. जवळजवळ निम्मी बॅटरी रिकामी! आणि जुनी झाल्यामुळे तिची शक्ती निम्म्यावर आली असेल, तर तेवढ्याच दिवसांत ती पार उतरेल.

धाकटीला वीज कोठून मिळते, हेही पाहा. संकरित मोटारीत साधारणपणे वेगळा आल्टर्नेटर नसतो. थोरल्या बॅटरीचा दाब सुमारे १४ व्होल्टांपर्यंत खाली आणणारा एक परिवर्तक असतो. तोच धाकटीला भरतो. पण हे घडते केव्हा? गाडीसमोरच्या पट्टीवर ‘रेडी’ हा दिवा लागलेला असेल, तेव्हाच. ‘रेडी’ न करता नुसता रेडिओ लावून बसलात, तर सारा भार धाकटीवर पडतो. म्हणून फार दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीला आठवड्यातून एकदा तरी फेरी मारून आणावी. एक इशारा मात्र पक्का ध्यानात ठेवा: ‘रेडी’ अवस्थेत इंजिन कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होते. तेव्हा बंद खोलीत गाडी ‘रेडी’ करून ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठून प्राण जाऊ शकतो.

दुखणे ओळखायचे कसे?

धाकटी कण्हत नसली, तरी खुणा देते. दूरकिल्लीने दारे उघडायला वेळ लागतो. समोरच्या पट्टीवर एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच इशारा-दिवे एकाच वेळी लागतात. घड्याळ पुन्हा पुन्हा शून्यावर जाते. ‘रेडी’ दिवा लागत नाही. हे दिवे पाहून घाबरलेला मालक समजतो, की थोरली बॅटरीच गेली. थोरलीची किंमत धाकटीच्या कितीतरी पट असते. निदान चुकले, तर विनाकारण मोठा भुर्दंड. म्हणून आधी मोजमाप, मग निष्कर्ष. त्यासाठी साधा मल्टीमीटर पुरतो. तीन वाचने घ्यायची.

पहिले वाचन विश्रांतीचे. रात्रभर गाडी बंद ठेवून सकाळी धाकटीच्या दोन टोकांमधील दाब मोजायचा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक आला, तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. त्याखाली आली, तर ती जवळजवळ रिकामी.

दुसरे वाचन भाराखालचे. भरलेल्या बॅटरीचेही पोट खंगलेले असू शकते. प्रत्येक बॅटरीला स्वतःचा आंतररोध असतो. दिवे लावून सुमारे १० ॲम्पियर प्रवाह घेतला आणि आंतररोध ०.०१ ओहम असेल, तर ओहमच्या नियमाने दाब १० × ०.०१ = ०.१ व्होल्टने उतरेल: १२.६ चा १२.५. पण सल्फेट धरून आंतररोध ०.१५ ओहम झाला असेल, तर तो १० × ०.१५ = १.५ व्होल्टने कोसळेल: १२.६ चा एकदम ११.१! विश्रांतीत दोघी सारख्याच दिसत होत्या. कामाला लावल्यावर खरे रूप कळले.

तिसरे वाचन ‘रेडी’ अवस्थेतले. आता दाब साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवा. तो दिसला, तर परिवर्तक आपले काम करीत आहे. तो १२ च्या आसपासच रेंगाळला, तर दोष बॅटरीत नसून तिला भरणाऱ्या यंत्रणेत आहे. मग नवी बॅटरी घालूनही ती चार दिवसांत उतरेल.

पाहा, तीन आकड्यांनी तीन प्रश्नांची उत्तरे दिली: बॅटरी भरलेली आहे का? ती भार पेलते का? तिला वीज मिळते का? पहिले वाचन कमी आले, पण बॅटरी पुन्हा भरल्यावर भार पेलू लागली, तर ती बदलण्याची गरज नाही. नुसती उपासमार झाली होती. भरूनही भार पेलत नसेल, तरच तिचे दिवस भरले.

शेजारधर्म, पण जपून

समजा, रात्री धडगावहून रुग्णाला नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचे आहे आणि धाकटी रुसली आहे. अशा वेळी दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीची वीज उसनी घेता येते. संकरित मोटारीला इंजिन फिरवण्याचा भार धाकटीवर घालायचा नसल्यामुळे थोडीशी वीजही पुरते. संगणक जागे झाले आणि स्विच मिटले, की पुढचे काम थोरली सांभाळते. मात्र तीन गोष्टी चुकवून चालणार नाही.

एक: देणाऱ्या वाहनाची बॅटरी १२ व्होल्टांचीच हवी. सुरत-धुळे महामार्गावर कोंडाईबारीच्या घाटात मदतीला ट्रक सहज मिळेल, पण बहुतेक मोठ्या ट्रकांत १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकसरी जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ते जोडले, तर मोटारीचे संगणक जळू शकतात. जीप किंवा ट्रॅक्टर १२ व्होल्टांचा आहे, याची खात्री करूनच जोडावा.

दोन: धन टोक धन टोकालाच जोडायचे. उलटे जोडले, तर परिवर्तकाला इजा होते.

तीन: शेवटची ऋण जोडणी बंद गाडीच्या बॅटरीवर न करता, बॅटरीपासून दूर, रंग नसलेल्या धातूच्या भागावर करायची. शेवटच्या जोडणीच्या वेळी ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन मिसळला, तरी मिश्रण पेट घेते. बॅटरीजवळ बिडी-काडी नको म्हणतात, ते यामुळेच.

उलट, संकरित मोटारीने ट्रॅक्टरला वीज उसनी देऊ नये. त्याच्या सेल्फला लागणारा शेकडो ॲम्पियरचा प्रवाह धाकटीला झेपत नाही.

बॅटरी बदलताना

बॅटरी बदलण्याचे काम मोठ्या माणसांनी, गाडीची पुस्तिका वाचून करायचे. तुम्ही शेजारी उभे राहून प्रत्येक पायरीमागचे कारण ओळखा.

गाडी बंद करून किल्ली लांब ठेवतात. का? किल्ली जवळ असेल, तर गाडीचे संगणक जागे राहतात. हातातली अंगठी, कडे काढून ठेवतात. कारण धातूने दोन टोके जोडली गेली, तर तो लालबुंद होऊन हात भाजतो. नारिंगी रंगाच्या जाड तारांना स्पर्शही करीत नाहीत. त्या थोरलीच्या, प्राणघातक दाबाच्या तारा.

आधी ऋण टोक सोडवतात, मग धन. का बरे? मोटारीचा सारा लोखंडी सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. आधी धन टोक सोडवायला गेलो आणि पाना सांगाड्याला टेकला, तर बॅटरीचे मंडल पान्यामधूनच पूर्ण होऊन मोठा जाळ उडेल. ऋण टोक आधी सुटले, की मंडल तुटते. मग पाना टेकला तरी काही होत नाही. जोडताना याच कारणाने उलटा क्रम: आधी धन, शेवटी ऋण. टोकांवर पांढरा-हिरवट थर साचला असेल, तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो पुसतात. आम्ल आणि सोडा यांची क्रिया तुम्ही प्रयोगशाळेत पाहिलीच आहे.

काही गाड्यांत धाकटी डिक्कीत असते. तिला वायू बाहेर नेणारी लहान नळी जोडलेली असते. ती नव्या बॅटरीला न विसरता लावावी लागते, नाहीतर वायू गाडीतच साठेल. नवी बॅटरी जुनीच्याच प्रकारची, मापाची आणि क्षमतेची हवी. शेवटी ‘रेडी’ करून तिसरे वाचन पुन्हा घेतले, की काम पुरे झाले.

जुनी बॅटरी जाते कोठे?

बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. शिसे वितळवून पुन्हा वापरता येते, म्हणून जुन्या बॅटरीलाही किंमत आहे. पण शिशाची धूळ आणि वाफ विषारी असते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर तिचा वाईट परिणाम होतो. म्हणून जाळ्याला शिशाच्या गोळ्या हव्यात किंवा चार पैसे मिळतील, अशा मोहाने घरी बॅटरी फोडू नये. तिचे आम्ल नाल्यात, शेतात ओतू नये. भारत सरकारच्या २०२२ सालच्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून योग्य कारखान्यात पुनर्वापरासाठी पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे देणे आणि पावती घेणे, एवढे आपले काम.

करून पाहा

मोटारीच्या बॅटरीवर प्रयोग नकोत. त्याऐवजी विजेरीचा एक नवा आणि एक वापरून मंदावलेला घट घ्या. प्रत्येकाचा दाब आधी नुसता मोजा, मग विजेरीचा दिवा जोडून मोजा. दोन्ही वेळच्या आकड्यांतील फरक वहीत लिहा. कोणाचा दाब अधिक कोसळला? मंडलात ॲमीटर जोडून प्रवाह मोजलात, तर दाबातील घट भागिले प्रवाह या सूत्राने आंतररोधही काढता येईल. शिक्षकांनी हा प्रयोग नववी-दहावीच्या वर्गात ओहमच्या नियमाबरोबर अवश्य घ्यावा. घरच्या सौरदिव्याची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी तपासताना हीच रीत उपयोगी पडते.

आता हे प्रश्न सोडवा:

१. बॅटरी ३५ ॲम्पियर-तासांची आहे आणि उभ्या गाडीचा प्रवाह ५० मिलिॲम्पियर आहे. बॅटरी अर्धी उतरायला किती दिवस लागतील?

२. विश्रांतीतील दाब १२.५ व्होल्ट, दिवे लावल्यावर १२.४ आणि ‘रेडी’ अवस्थेत १२.३ व्होल्ट आहे. दोष कोठे असेल?

३. तोरणमाळच्या थंड हवेत आणि नंदुरबारच्या उन्हात एकसारख्या दोन बॅटऱ्या ठेवल्या. कोणती लवकर झिजेल? का?

(पहिल्याचे उत्तर: सुमारे साडेचौदा दिवस. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे कारणांसह वहीत लिहा आणि शिक्षकांना दाखवा.)